एड्रियन स्टूप आणि चढाईचा खेळ

भातकापणी झाली, कुणगे मोकळे झाले आणि जमीन जरा कडक झाली, कीं आपल्या आरोंद्याच्या बाजूला मुलांच्या हुतूतूला व आट्यापाट्यांना रंग चढतो. बांधावर उभें राहून हा खेळ पाहणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसून येते. गडी दोन जातींचे असतात. एक, बाद न होतां परत येण्यांतच समाधान मानणारा. दुसरा, प्रतिपक्षाच्या अंगणांत खोल शिरून त्याची फळी विसकटून टाकणारा. पहिल्यास कोणी नांवें ठेवीत नाहीं, परंतु डाव पुढें जातो तो दुसऱ्यामुळें. मात्र ह्या दुसऱ्याची चढाई म्हणजे निव्वळ धाडस असेल, तर तो आपल्याबरोबर आपल्या संघालाहि बुडवितो. तेव्हां चढाईला शिस्त कशी लावावी, आणि ती एकट्याची न राहतां साऱ्या संघाची कशी व्हावी, हा प्रश्न प्रत्येक सांघिक खेळांत येतोच. रग्बी ह्या इंग्रजी खेळांत ज्या पुरुषानें हा प्रश्न हातीं घेऊन त्याचें उत्तर मैदानावर दाखवून दिलें, त्या एड्रियन स्टूप यांचें चरित्र विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवण्याचें येथें योजिलें आहे.

रग्बी हा खेळ आपल्या गांवांत कोणी खेळत नाहीं, म्हणून प्रथम त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. ह्या खेळांतील चेंडू वाटोळा नसतो. असोल्या नारळाप्रमाणें तो लांबट असतो, व त्यामुळें जमिनीवर आपटला असतां तो कोणीकडे उडेल ह्याचा नेम नसतो. प्रत्येक संघांत पंधरा गडी असतात. चेंडू हातांत घेऊन धांवण्याची मुभा आहे, तशीच तो लाथेनें उडविण्याचीहि आहे. परंतु हातानें तो पुढें फेंकतां येत नाहीं. सोबत्याला द्यावयाचा तर तो बाजूला किंवा मागेंच दिला पाहिजे. ज्याच्या हातांत चेंडू असेल त्यास प्रतिपक्षानें मिठी मारून पाडावें, अशी रीत आहे. प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेऊन तो जमिनीस टेकविला, म्हणजे ट्राय झाला. स्टूप यांच्या काळीं एका ट्रायला ३ गुण मिळत, आज ५ मिळतात. आणि त्यानंतर चेंडू लाथेनें दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून उडविल्यास आणखी २ गुण पदरीं पडतात. बाजूच्या रेषेबाहेरच्या जागेस टच म्हणतात. संकट दिसलें कीं चेंडू लाथाडून टचमध्यें घालवावा, म्हणजे खेळ थांबतो व श्वास घेण्यास सवड मिळते. हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

पंधरांपैकीं आठ बलदंड गडी आघाडीला असतात. ते एकमेकांना घट्ट धरून, वांकून, प्रतिपक्षाच्या तशाच आठांशीं खांदे भिडवितात व रेटारेटी करितात. ह्या झुंजीला स्क्रम म्हणतात. स्क्रमच्या मागल्या पायांशीं निघालेला चेंडू जो उचलतो तो स्क्रम-हाफ. कांहीं पावलें दूर, तिरकस मागें उभ्या असलेल्या ज्या गड्याकडे तो चेंडू फेंकतो, तो फ्लाय-हाफ. त्याच्या पलीकडे वेगानें धांवणाऱ्या चौघांची फळी, आणि सर्वांच्या मागें एक राखणदार. म्हणजे एका बाजूला आठांची ताकद, दुसऱ्या बाजूला चौघांचा वेग, आणि दोहोंच्या मधोमध फ्लाय-हाफ. ताकदीनें मिळविलेला चेंडू वेगाच्या स्वाधीन करावयाचा कीं लाथाडून द्यावयाचा, हें त्यानें ठरवावयाचें. आणि तें ठरविण्यास त्याला एका श्वासाइतकाहि अवधि नसतो, कारण प्रतिपक्षाचे गडी तोंवर त्याच्या अंगावर चालून आलेले असतात. आज ह्या जागेवरील गड्याच्या पाठीवर १० हा आंकडा असतो.

ह्या खेळाचा आपल्या देशाशीं कांहींच संबंध नाहीं, असें मात्र नव्हे. १८७२ च्या नाताळांत कलकत्त्यास तेथील इंग्रज, स्कॉच व आयरिश मंडळींनीं रग्बीचा सामना खेळला, व पुढील वर्षीं तेथें एक क्लबहि स्थापन झाला. थोड्याच वर्षांत तो मोडकळीस आला. तेव्हां सभासदांनीं बँकेंतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून त्यांचा एक सुंदर चषक घडविला, आणि १८७८ सालीं तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला अर्पण केला. त्याच्या तिन्ही मुठी नागांच्या आकाराच्या असून झांकणावर हत्ती आहे. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यांतील वार्षिक सामना अजूनहि ह्याच कलकत्ता कपासाठीं खेळला जातो. आपल्या चरित्रनायकानें इंग्लंडच्या वतीनें पहिल्यानें मैदानावर पाऊल टाकलें, तें ह्याच चषकाच्या सामन्यांत.

एड्रियन ड्युरा स्टूप यांचा जन्म २७ मार्च १८८३ रोजीं लंडनमध्यें झाला. त्यांचे वडील मूळचे डच असून घरची स्थिति संपन्न होती. आरंभीं डोव्हर येथील शाळेंत व नंतर रग्बी येथील प्रसिद्ध विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें. ह्या गांवाच्या नांवावरूनच खेळाला रग्बी हें नांव पडलेलें आहे. पुढें ते ऑक्सफर्डच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत गेले, आणि १९०२, १९०३ व १९०४ ह्या तिन्ही वर्षीं केंब्रिजविरुद्ध होणाऱ्या मानाच्या सामन्यांत ते खेळले. १९०१ पासूनच लंडनच्या हार्लेक्विन क्लबाशीं त्यांचा संबंध जडला होता. हा क्लब १८६६ सालीं स्थापन झाला असून, जुन्या इटालियन नाटकांतील रंगीबेरंगी कपड्यांच्या विदूषकावरून त्यानें १८७० सालीं आपलें नांव घेतलें. त्याच्या गड्यांचा अंगरखाहि तसाच नाना रंगांचे चौकोन जोडल्यासारखा असतो. हा संबंध पुढें आयुष्यभर टिकला. १९०५ सालीं स्कॉटलंडविरुद्धच्या सामन्यासाठीं त्यांची इंग्लंडच्या संघांत निवड झाली.

त्या वेळीं इंग्लंडच्या खेळाची स्थिति शोचनीय होती. १८९८ नंतर वेल्सचा पराभव करणें इंग्लंडला साधलेलें नव्हतें. १९०५ च्या अखेरीस न्यूझीलंडहून आलेल्या काळ्या पोशाखाच्या संघानें तर ब्रिटिश बेटांत एकच धमाल उडवून दिली. त्यांनीं इंग्लंडला १५ विरुद्ध ० अशा गुणांनीं हरविलें; त्या बेटांत त्यांस एकदांच हार खावी लागली, आणि तीहि वेल्सकडून. न्यूझीलंडच्या संघांत प्रत्येक गड्याला आपली नेमकी जागा व नेमकें काम ठाऊक होतें. इंग्लंडमध्यें ह्याच्या उलट प्रकार होता. तेथील दोन हाफ-बॅक मैदान डावें-उजवें असें वांटून घेत. स्क्रम डाव्या अंगास झाला तर डावीकडचा गडी चेंडू उचले व उजवीकडचा तो झेली. स्क्रम दुसऱ्या अंगास झाला कीं कामांची अदलाबदल होई. दोघांनाहि दोन्ही कामें थोडथोडीं येत, परंतु एकहि काम पुरतें कोणालाच येत नसे. अशा वेळीं चेंडू लाथाडून टचमध्यें घालविणें हेंच शहाणपणाचें ठरे, आणि टोंकाला उभे असलेले चपळ धांवणारे थंडींत हात चोळीत बसत.

ह्या अव्यवस्थेवर स्टूप यांनीं बोट ठेविलें. १९०६ सालीं हार्लेक्विनचें कर्णधारपद त्यांच्याकडे आलें व महायुद्ध सुरू होईपर्यंत तें त्यांच्याकडेच राहिलें. त्यांनीं दोन हाफ-बॅकांचीं कामें कायमचीं वेगळीं केलीं. मैदानाच्या कोणत्याहि भागांत स्क्रम झाला तरी चेंडू उचलणारा एकच, आणि दूर उभा राहून तो झेलणाराहि एकच. हार्लेक्विनमध्यें पहिलें काम हर्बर्ट सिब्री याच्याकडे असे व दुसरें स्वतः स्टूप करीत. आज ही गोष्ट इतकी स्वाभाविक वाटते, कीं ती कोणी शोधून काढावी लागली असेल, असें मनांतहि येत नाहीं. परंतु मोठ्या सुधारणांची खूण हीच असते. एकदां रुळल्या म्हणजे त्या नेहमींच तशा होत्या असें लोकांना वाटूं लागतें. स्टूप हे एकटेच ह्या विचाराचे होते असें नव्हे. न्यूझीलंड व वेल्स यांच्यापासूनहि इंग्लंडला पुष्कळ शिकतां आलें. पण इंग्लंडमध्यें हा विचार पद्धतशीरपणें अंमलांत आणून, त्यावर एका संघाची सारी चढाई उभारण्याचें श्रेय प्रामुख्यानें स्टूप यांचेंच आहे.

आतां उत्तम फ्लाय-हाफ कोणास म्हणावें, हें त्यांच्या खेळावरून पाहूं. पहिला गुण हातांचा. चेंडू कसाहि आला, उंच, बुटका, वा अंगापासून दूर, तरी धांवतां धांवतां, पाऊल न चुकवितां तो झेलतां आला पाहिजे. झेल घेण्यासाठीं जो थांबला, त्यानें आपल्या साऱ्या फळीला थांबविलें असें समजावें. दुसरा गुण नजरेचा. चेंडू हातांत पडल्यावर जो मैदान पाहूं लागतो त्याला उशीर झालेला असतो. प्रतिपक्षाच्या फळींत फट कोठें आहे, कोण पुढें सरकला आहे व कोण मागें रेंगाळला आहे, हें चेंडू येण्यापूर्वींच हेरून ठेविलें पाहिजे. तिसरा गुण पहिल्या पांच पावलांचा. फ्लाय-हाफला लांब पल्ल्याची शर्यत जिंकावयाची नसते. पण जागच्या जागीं उसळी घेऊन तो निघाला पाहिजे. चौथा गुण लाथेचा. ती अचूक तर हवीच, परंतु केव्हां मारूं नये हें कळणें त्याहूनहि अवघड. आणि पांचवा गुण संयमाचा. वाट मोकळी असतां स्वतः धांवावें, पण सोबत्याची वाट अधिक मोकळी असेल तर मोह आंवरून चेंडू त्याच्या हातीं द्यावा. हे पांच गुण स्वतंत्रपणें अनेकांत आढळतात. एकाच पुरुषांत, एकाच क्षणीं, ते क्वचित् आढळतात.

ह्या गुणांच्या जोडीला स्टूप यांनीं फळीच्या हालचालीचाहि बारकाईनें विचार केला. त्यांच्या पद्धतींत पिछाडीचे गडी एका सरळ ओळींत उभे न राहतां, एकामागें एक तिरकस व पुरेसे खोल उभे राहत. खोल उभें राहिल्यानें थोडी जमीन गमवावी लागते हें खरें. पण चेंडू हातीं येईपर्यंत प्रत्येक गडी पूर्ण वेगांत आलेला असतो, आणि गमावलेली जमीन तो दामदुपटीनें वसूल करितो. चेंडू सोबत्याच्या अंगावर न टाकतां त्याच्या किंचित् पुढें टाकावयाचा, म्हणजे तो वेग न मोडतां त्यावर धांवत जातो. ह्यांत नियमाचा भंग होत नाहीं, कारण सोबती मागून येत असतो. दुसरी गोष्ट सरळ धांवण्याची. नवशिका गडी अडथळा दिसतांच बाजूच्या रेषेकडे वळतो, आणि असें करतांना टोंकाच्या सोबत्याची वाट स्वतःच बंद करितो. सरळ धांवणारा गडी समोरच्याला आपल्याशीं गुंतवून ठेवितो. आणि समोरचा अगदीं अंगाशीं येऊन भिडेपर्यंत धीर धरून मगच चेंडू सोडला, म्हणजे पलीकडे दोघांसमोर एकच प्रतिपक्षी उरतो. हा क्षणाचा धीर हेंच चढाईचें मर्म होय. चेंडू लवकर सोडला तर कोणीच फसत नाहीं. उशीर झाला तर चेंडूसकट आपण जमिनीवर.

हें सर्व केवळ सांगून येणारें नाहीं. त्यासाठीं स्टूप आपल्या सहकाऱ्यांकडून कसून सराव करून घेत. हौशी खेळाडूनें फारसा सराव करूं नये, शनिवारीं यावें, खेळावें व जावें, अशी समजूत त्या काळच्या पुष्कळ सुखवस्तु इंग्रजांत होती. स्टूप हेहि पैशासाठीं खेळत नव्हते. पण हौशी असणें म्हणजे निष्काळजी असणें नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या संघाचा खेळ पाहणारास वाटे, कीं सारें तेथल्या तेथें सुचत आहे. आपल्याकडील दशावतारी नाटकाचा दाखला येथें चांगला लागू पडतो. दशावतारांत नटांना संवाद लिहून दिलेले नसतात. आख्यान कोणतें व कोणी केव्हां प्रवेश करावयाचा एवढें ठरलें, कीं बाकीचें भाषण नट रंगभूमीवरच रचितात. परंतु देवळासमोर रात्रभर चालणारें तें नाटक कोठेंहि अडखळत नाहीं, कारण वर्षानुवर्षें बरोबर राहून प्रत्येकाला दुसऱ्याची चाल ठाऊक झालेली असते. स्टूप यांची फळी अशीच होती. पुढें काय घडेल हें कोणास ठाऊक नसे. पण जें घडेल त्यांत आपला सोबती कोठें असेल, हें प्रत्येकास ठाऊक असे. जॉन बर्केट, डग्लस लँबर्ट, रोनल्ड पूल्टन अशा नामांकित धांवणाऱ्यांची ती फळी पाहण्यास लोक मुद्दाम येत. ह्यांपैकीं लँबर्ट यानें १९०७ सालीं फ्रान्सविरुद्ध आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यांत पांच ट्राय केले, व त्या सामन्यांत फ्लाय-हाफच्या जागीं स्टूप हेच होते.

याच सुमारास रग्बी युनियननें लंडनच्या पश्चिमेस ट्विकनम येथें सव्वादहा एकर जमीन विकत घेतली. पूर्वीं तेथें भाजीचे मळे असल्यामुळें लोक तिला थट्टेनें कोबीचा मळा म्हणत. हार्लेक्विन क्लबाला तेथें खेळण्याची परवानगी मिळाली, आणि २ ऑक्टोबर १९०९ रोजीं ह्या नव्या मैदानावरील पहिला सामना हार्लेक्विन व रिचमंड यांच्यांत होऊन हार्लेक्विननें तो १४ विरुद्ध १० गुणांनीं जिंकला. पुढें १५ जानेवारी १९१० रोजीं तेथें पहिला आंतरराष्ट्रीय सामना ठरला. प्रतिपक्षी होता वेल्स; आणि इंग्लंडचे कर्णधार होते स्टूप.

हा प्रसंग इंग्रजी खेळाच्या इतिहासांत अजूनहि सांगितला जातो. वेल्सच्या गड्यानें चेंडू लाथेनें उडवून सामन्यास आरंभ केला. चेंडू इंग्लंडच्या बाजूला खोल आला व स्टूप यांच्या हातांत पडला. अशा वेळीं काय करावयाचें हें ठरून गेल्यासारखें होतें. चेंडू टचमध्यें घालवावयाचा, आणि आठ गड्यांना सावरण्यास वेळ द्यावयाचा. वेल्सचे गडीहि तीच अपेक्षा धरून येत होते. परंतु स्टूप चेंडू घेऊन सरळ धांवत सुटले! ह्या अनपेक्षित चढाईनें वेल्सची फळी विसकटली. तिला पुन्हां जुळण्यास अवसर मिळण्यापूर्वींच चेंडू हातोहात फिरत टोंकाच्या चॅपमनकडे पोंचला, आणि त्यानें कोपऱ्यांत ट्राय केला. पुष्कळ प्रेक्षक अजून आपल्या जागाच शोधीत होते. त्याच सामन्यांत दुसरा ट्राय केला तो कॉर्नवॉलच्या रेडरुथ गांवांतील सोलोमन ह्यानें. हा कष्टकरी वर्गांतील मनुष्य. त्या दिवशीं तो इंग्लंडसाठीं पहिल्यानें खेळला, आणि पुढें बोलावणें आलें तरी पुन्हां कधीं गेला नाहीं. श्रीमंत घरचे, ऑक्सफर्डला शिकलेले स्टूप आणि कॉर्नवॉलचा हा साधा गडी एका फळींत धांवले, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. इंग्लंडनें ११ विरुद्ध ६ अशा गुणांनीं सामना जिंकला, आणि बारा वर्षांनंतर वेल्सवर विजय मिळविला.

येथें चरित्र संपविलें तर तें गोड होईल, पण खरें होणार नाहीं. पुढील सामना आयर्लंडशीं झाला व तो ० विरुद्ध ० असा बरोबरींत सुटला. ज्या चढाईची वाहवा झाली होती, तिला एकहि गुण मिळाला नाहीं. त्यानंतर इंग्लंडचें कर्णधारपद स्टूप यांच्याकडे राहिलें नाहीं. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यांत ते नव्हतेच. स्कॉटलंडविरुद्ध ते खेळले, परंतु आपल्याच क्लबांतील बर्केटच्या हाताखालीं. एडिंबरो येथील तो सामना इंग्लंडनें १४ विरुद्ध ५ गुणांनीं जिंकला, कलकत्ता कप पटकाविला, आणि त्या वर्षींचें अजिंक्यपदहि मिळविलें. कालपर्यंत ज्याला आपण आज्ञा देत होतों, त्याच्या आज्ञेंत आज राहणें ही लहान गोष्ट नाहीं. ज्याच्या खेळाचा पायाच सोबत्याच्या हातीं चेंडू देणें हा होता, त्यानें कर्णधारपदहि तसेंच सोबत्याच्या हातीं जाऊं दिलें, व आपल्या जागेवरचें काम चोख केलें. १९१२ पर्यंत ते इंग्लंडसाठीं एकंदर १५ सामने खेळले. त्यानंतर त्यांची जागा तरुणांकडे गेली. त्यांच्या मागून आलेला डेव्हिस हा नौदलांतील अधिकारी १९१३ ते १९२३ ह्या काळांत २२ सामने खेळला, व त्यांतील पहिला सोडल्यास एकाहि सामन्यांत इंग्लंड हरलें नाहीं. फ्लाय-हाफच्या ज्या कामाची रेषा स्टूप यांनीं आंखून दिली होती, तिच्यावरूनच तो चालला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें आणि मैदानें ओस पडलीं. ज्या फळीला पाहण्यास लोक गर्दी करीत, तिचे एकेक गडी गळूं लागले. १९१४ सालीं इंग्लंडचा कर्णधार असलेला पूल्टन ५ मे १९१५ रोजीं बेल्जममध्यें गोळी लागून मरण पावला. त्याच वर्षीं लूस येथील लढाईंत लँबर्ट पडला. स्टूप स्वतः क्वीन्स रेजिमेंटमधून मेसोपोटेमियांत, म्हणजे आजच्या इराकांत, लढले व तेथील कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हें सन्मानपदक मिळालें. मेसोपोटेमिया हें नांव आपल्या प्रांतांतील कित्येक घरांना परकें नाहीं. ह्याच रणभूमीवर मराठा पलटणींनीं पराक्रम केला, कूतच्या वेढ्यांत उपासमार सोसली, आणि १९१६ च्या एप्रिलमध्यें तें ठाणें पडल्यावर कित्येकांनीं तुर्कांच्या कैदेंत हाल काढले. त्या पलटणींत कोंकणचे तरुणहि होते. टेम्सकांठचा खेळाडू व कोंकणचा शिपाई यांची एकमेकांस ओळख नव्हती. पण त्या वाळवंटांतील ऊन व ताप दोघांनींहि सोसला.

युद्ध संपवून स्टूप परत आले तेव्हां ते छत्तिशीच्या घरांत होते. ज्या सोबत्यांसाठीं त्यांनीं चढाईची पद्धत बसविली, त्यांपैकीं कित्येक परत येणार नव्हते. अशा स्थितींत एखादा मनुष्य जुन्या आठवणी काढीत बसला असता, तर त्यास कोणी दोष दिला नसता. पण स्टूप यांनीं क्लब पुन्हां उभा करण्याचें काम हातीं घेतलें. १९२० पासून १९४९ पर्यंत ते हार्लेक्विनचे अध्यक्ष होते, आणि १९३२-३३ मध्यें इंग्लंडच्या रग्बी युनियनचें अध्यक्षपदहि त्यांनीं भूषविलें. पूल्टन-लँबर्टांच्या जागा ज्यांनीं घ्यावयाच्या, ते गडी त्यांच्या देखरेखीखालीं नव्यानें तयार होऊं लागले. खेळतांना त्यांनीं जो चेंडू सोबत्याकडे दिला, तोच आतां ते पुढच्या पिढीकडे देत होते. २७ नोव्हेंबर १९५७ रोजीं, वयाच्या ७४ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

१९६३ सालीं ट्विकनमच्या मोठ्या मैदानासमोरच हार्लेक्विन क्लबानें स्वतःचें मैदान घेतलें, आणि त्याला स्टूप यांचें नांव दिलें. तें आजहि त्याच नांवानें ओळखलें जातें. २०१० सालीं महिलांच्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना ह्याच मैदानावर झाला. आपल्या देशांतील मुलींनींहि ह्या खेळांत पाऊल टाकलें आहे. २०१९ सालीं मनिला येथें भारताच्या महिला संघानें सिंगापूरला २१ विरुद्ध १९ गुणांनीं हरवून पंधरा गड्यांच्या खेळांतील आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळविला. स्टूप यांच्या तरुणपणीं ह्या दोन्ही गोष्टी कोणाच्या स्वप्नांतहि आल्या नसत्या.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकीं बहुतेकांच्या हातांत तो लांबट चेंडू कधीं येणार नाहीं. पण जो क्षण स्टूप यांच्यावर ट्विकनम येथें आला, तो तुम्हांवर येईल. एखादें काम तुमच्या हातीं येऊन पडेल. तें टाळून सुरक्षित राहण्याचा मार्ग समोर मोकळा असेल, व तो घेतल्याबद्दल कोणी बोल लावणार नाहीं. त्या क्षणीं पुढें धांवावयाचें असेल तर तयारी आधीं झालेली असली पाहिजे. कारण आयत्या वेळचें धाडस हें बहुधा पूर्वींच्या परिश्रमांचेंच फळ असतें. पालकांसहि एवढेंच विनवावयाचें, कीं सामन्यानंतर मुलगा घरीं आला असतां गुण किती मिळविले, एवढेंच त्यास विचारूं नये. कोणाला वाट करून दिलीस, हेंहि विचारावें. त्या सामन्यांत इंग्लंडचे दोन्ही ट्राय चॅपमन व सोलोमन यांच्या नांवावर नोंदले गेले आहेत. गुणांच्या त्या यादींत स्टूप यांचें नांव नाहीं. परंतु शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं तरी तो सामना स्टूप यांचा म्हणूनच ओळखला जातो.